क्रमाचा धनी कोण? : अल्बमच्या मृत्युवार्तेसंबंधी एक प्रतिवाद

१

गीतसंग्रह, रूढ शब्दांत अल्बम, ही वस्तू आता इतिहासजमा झाली, अशी घोषणा गेली दोन दशके वारंवार केली जात आहे. एप्रिल २००३ मध्ये आयट्यून्स स्टोअरने ९९ सेंटला एक याप्रमाणे सुटी गाणी विकावयास आरंभ केला, तेव्हा ती घोषणा मोठ्याने झाली. २००८ मध्ये युरोपात स्पॉटिफाय सुरू झाले आणि गाणे विकत न घेता इंटरनेटच्या प्रवाहातून ऐकण्याची, म्हणजे स्ट्रीमिंगची, रीत हळूहळू रूढ झाली, तेव्हा घोषणेचे रूपांतर गृहीतकात झाले. भारतात ही सेवा फेब्रुवारी २०१९ मध्ये आली. तोवर हे गृहीतक येथील संगीतविषयक लेखनात अगोदरच येऊन बसले होते.

या गृहीतकाभोवती दोन पक्ष उभे आहेत. पहिल्या पक्षाला शोकवादी म्हणता येईल. त्याच्या मते अल्बम ही सेंद्रिय एकता असलेली कलाकृती होती आणि तिचे तुकडे करून बाजाराने कलेचा खून केला. दुसरा पक्ष मुक्तिवादी. त्याच्या मते अल्बम ही कंपन्यांनी लादलेली बांधणी होती. ती सुटल्याने श्रोता प्रथमच स्वतंत्र झाला. हा दुसरा पक्ष साहित्यसिद्धान्ताच्या परिभाषेत बोलतो. कृतीकडून संहितेकडे, लेखकाकडून वाचकाकडे हा जो प्रवास बार्थने सांगितला, तोच आता संगीतात घडत आहे, असे तो सुचवतो. त्यामुळे हा वाद केवळ संगीतसमीक्षकांचा राहत नाही. साहित्यसमीक्षेचे सिद्धान्त येथे साक्षीदार म्हणून उभे केले जात आहेत. त्यांची साक्ष नीट तपासून घेणे हे साहित्यसमीक्षेचेच काम आहे.

तपासणीअंती असे आढळते की दोन्ही पक्ष एकच चूक करतात. दोघेही अल्बम म्हणजे तबकडी, असे धरून चालतात. तबकडी गेली म्हणून एक रडतो, दुसरा हसतो. परंतु अल्बमचे सत्त्व तबकडीत नव्हते. कोणीतरी आपल्या नावानिशी लावलेला आणि ज्याचे उत्तरदायित्व स्वीकारलेले आहे असा गीतांचा क्रम, हे त्याचे सत्त्व. आज प्रश्न अल्बम जगेल की नाही असा नसून, ऐकण्याच्या क्रमाचा धनी कोण, असा आहे.

२

प्रथम शोकवाद्यांचा विचार करू. अल्बम ही आकाशातून उतरलेली कलारूपे नव्हेत. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावत असे. एखादी दीर्घ रचना द्यावयाची तर अनेक तबकड्या लागत, आणि त्या पुस्तकासारख्या बांधणीच्या पाकिटांत घालून विकल्या जात. अल्बम हा शब्द या बांधणीवरून आला. जून १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची दीर्घवादी तबकडी आणली आणि त्या बांधणीतील मजकूर एकाच तबकडीवर मावू लागला. म्हणजे ज्या लांबीला पुढे कलेची नैसर्गिक लांबी मानले गेले, ती मुळात खाचांच्या जाडीरुंदीने ठरलेली होती.

मराठी गाण्यापुरते बोलावयाचे तर शोकवाद्यांची बाजू आणखीच दुबळी आहे. मराठी भावगीत तीन मिनिटांच्या तबकडीच्या सावलीत वाढले. त्याचा ध्रुवपद आणि अंतऱ्यांचा आटोपशीर बांधा, एकच भाववृत्ती धरून ठेवण्याची त्याची वृत्ती, यांत त्या मर्यादेचा वाटा मोठा आहे. ते स्वभावतःच मुक्तक आहे. मुक्तकाने प्रबंधासाठी शोक करावा हे चमत्कारिक होय.

हा वाद भारतीय काव्यशास्त्राला नवा नाही. वामनाने काव्याचे निबद्ध आणि अनिबद्ध असे भेद करून अनिबद्धाला कमी लेखले. तेजाचा एकटा परमाणू जसा प्रकाशत नाही तसे सुटे पद्य शोभत नाही, असा त्याचा अभिप्राय. आनंदवर्धनाने मात्र अमरूच्या मुक्तकांचा दाखला देऊन सुटे पद्यही प्रबंधाच्या तोलाचा रस वाहू शकते हे मान्य केले. या दोघांत मराठी भावगीताची साक्ष आनंदवर्धनाच्या बाजूने पडेल. चांगले गाणे एकटे ऐकले तरी पुरे पडते. त्याला अल्बमचे पांघरूण लागत नाही. शिवाय अल्बम म्हणून जे विकले गेले त्यांतील पुष्कळ भाग निव्वळ भरती होता. कॅसेटच्या काळात कितीतरी संकलनांचा क्रम फितीच्या दोन्ही बाजूंची लांबी जुळावी एवढ्याच हेतूने लागलेला असे. बेनामी क्रम ही काही स्ट्रीमिंगची निर्मिती नव्हे. हे न पाहता प्रत्येक जुन्या पाकिटापुढे हात जोडणे ही समीक्षा नसून स्मरणरंजन आहे.

३

परंतु येथेच थांबले तर मुक्तिवाद्यांच्या हाती आयते कोलीत मिळते. गाणे मुक्तक आहे, म्हणून गाण्यांच्या क्रमाला अर्थ नाही, असा निष्कर्ष निघत नाही. क्रम तबकडीहून जुना आहे. मैफलीत रागांची निवड प्रहराला धरून होते आणि भैरवी झाली की मैफल संपते. भैरवीनंतर दुसरे काही गावयाचे नाही या संकेतामुळेच भैरवीला निरोपाचा अर्थ प्राप्त होतो. तो अर्थ केवळ स्वरांत नाही, स्थानात आहे. वारकरी भजनालाही ठरलेला क्रम आहे. यांपैकी कशालाही तबकडीची गरज पडली नाही.

या दृष्टीने 'गीतरामायण' हे उदाहरण निर्णायक आहे. ग. दि. माडगूळकर यांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेली ही ५६ गीते पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर प्रसारित झाली. फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातील ध्वनिमुद्रिका ही नंतरची गोष्ट. मूळ प्रसारणात गायक अनेक होते. म्हणजे पहिल्या श्रोत्यांसमोर तबकडी नव्हती, पाकीट नव्हते, सलग ऐकणेही नव्हते. दोन गीतांमध्ये सात दिवसांचे अंतर होते. तरीही ती एक कृती होती, कारण क्रम होता आणि तो कोणाचा हे श्रोत्यांना ठाऊक होते.

हा क्रम केवळ कथानकाचा नाही. पहिल्या गीतात कुश आणि लव प्रत्यक्ष रामापुढे त्याचेच चरित्र गात आहेत. शेवटच्या गीतात वाल्मीकी त्याच बालकांना हे गान कसे करावे ते सांगून रामासमोर धाडतो. शेवट आरंभाच्या अगोदर नेऊन सोडतो. मधली सारी गीते मग कुश-लवांच्या मुखातील आख्यान ठरतात, आणि ऐकणारा राम हा त्या आख्यानाचा विषयही होतो नि श्रोताही. ही वर्तुळरचना कोणत्याही एका गीतात नाही. शिवाय यांतील बहुतेक गीते पात्रमुखी आहेत. कधी दशरथ बोलतो, कधी कौसल्या, कधी भरत, कधी सीता. प्रत्येक गीतातील 'मी' कोण, कोणाशी आणि कोणत्या क्षणी बोलतो, हे क्रमातील स्थान सांगते. गीत सुटे काढले की त्याची गेयता टिकते, भावही टिकतो. परंतु सर्वनामाचा आधार सुटतो. रसिकाला कथा ठाऊक असल्याने तो आधार स्मरणातून पुरवला जातो, एवढेच. जेथे कथा सर्वश्रुत नसते तेथे हे स्मरण मदतीला येत नाही.

शब्दांविना संगीतातही हेच दिसते. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७) या ध्वनिमुद्रिकेत मेंढपाळाचा एक दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत रागांच्या क्रमाने उभा केला आहे. अहीर भैरवाने पहाट होते, पुढे पिलू, भूप, देस असे करीत पहाडीपाशी दिवस संपतो. येथे समयचक्राचा प्राचीन संकेत आणि दीर्घवादी तबकडीच्या दोन बाजू यांचा मेळ घातला गेला. हे राग उलटसुलट वाजवले तर प्रत्येक तुकडा सुंदरच राहील. फक्त दिवस उरणार नाही.

मर्ढेकरांनी सौंदर्याचे तत्त्व लयीत पाहिले आणि संवाद, विरोध व समतोल अशी तिची अंगे सांगितली. ती एका कवितेच्या घटकांना लागू पडतात, तशीच गीतमालिकेतील गीतांनाही लागू पडतात. शांत गीतामागून येणारे उग्र गीत हा विरोध आहे. अखेरच्या गीतातील आरंभाचा प्रतिध्वनी हा समतोल आहे. मात्र त्यासाठी अल्बम 'सेंद्रिय' आहे असा दावा करण्याची आवश्यकता नाही. अवयव तोडला तर देह मरतो. गीत काढले तर मालिका मरत नाही, तिचा एक अर्थ नाहीसा होतो. हा फरक शोकवाद्यांनी ध्यानात घेतला असता तर त्यांचा पक्ष इतका हळवा झाला नसता.

४

आता मुक्तिवाद्यांकडे वळणे प्राप्त आहे. त्यांचा युक्तिवाद असा : १९६७-६८ मध्ये बार्थने लेखकाच्या मृत्यूचा उच्चार केला, संहितेचे ऐक्य तिच्या उगमात नसून गंतव्यात, म्हणजे वाचकात असते. मग गीतांचा क्रमही श्रोत्याने का ठरवू नये?

श्रोत्याने तो अवश्य ठरवावा. प्रश्न एवढाच की आज तो श्रोता ठरवीत आहे काय? स्वतः निवडलेली गीते स्वतः लावून ऐकणारा श्रोता हा संकलक आहे, आणि संकलन ही आपल्या परंपरेतील मान्य साहित्यकृती आहे. हालाची 'गाथासप्तशती' हे संकलनच होय. कोटी गाथांतून सातशे निवडल्याचा तिचा स्वतःचाच दावा आहे. तिच्या निरनिराळ्या पाठपरंपरांत गाथा बदलतात, क्रम बदलतो. तरीही संकलनावरील हालाचे नाव ढळले नाही. जयवल्लभाचे 'वज्जालग्ग' तर विषयवार लावलेल्या गाथांचा संग्रह आहे. आजच्या भाषेत ती प्लेलिस्टच. म्हणून प्लेलिस्ट ही अल्बमची वैरीण आहे, असे मानण्याचे कारण नाही. नावानिशी केलेली प्लेलिस्ट ही अल्बमची बहीण आहे.

कादंबरीतही याचे उदाहरण आहे. हुलिओ कोर्तासार याने 'हॉपस्कॉच' (१९६३) मध्ये प्रकरणे वाचण्याचे दोन मार्ग दिले आणि वाचकाला निवड करावयास लावली. परंतु दुसऱ्या क्रमाची तालिका त्यानेच पुस्तकाच्या आरंभी छापली. वाचकाचे स्वातंत्र्य येथे वाढले ते क्रम नाहीसा झाल्यामुळे नव्हे, तर दुसरा क्रम उघडपणे पुढे ठेवला गेल्यामुळे.

स्ट्रीमिंगमध्ये प्रत्यक्षात काय घडते ते याच्या शेजारी ठेवून पाहावे. एक गाणे वा एक अल्बम संपला की तत्सम वाटणारी गाणी आपोआप वाजू लागतात. श्रोत्याने ही सोय मुद्दाम बंद केली नाही तर शेवट असा येतच नाही. भैरवीनंतरही काहीतरी वाजत राहते. पुढचे गाणे कोणते हे श्रोत्याच्या पूर्वीच्या वर्तनावरून आणि इतर असंख्य श्रोत्यांच्या वर्तनावरून गणिती रीतीने ठरते. या निवडीला कर्ता नाही असे नव्हे. कर्ता आहे, पण त्याचे नाव नाही, त्याचा हेतू जाहीर नाही आणि त्याला जाब विचारण्याची जागा नाही. बार्थचा लेखक मेला तो वाचकाला जन्म देण्यासाठी. येथे लेखकाच्या रिकाम्या खुर्चीत वाचक बसलेला नाही. तेथे व्यवस्थापक बसला आहे, आणि बार्थचे नाव घेऊन त्याचे स्वागत केले जात आहे.

या व्यवस्थापकाचे काव्यशास्त्र त्याच्या हिशेबात वाचता येते. स्पॉटिफायवर गाणे ३० सेकंद वाजले की ते एकदा ऐकले गेले, अशी नोंद होते. पुढे ते तीन मिनिटे चालो वा पन्नास मिनिटे, नोंद एकच. या मापाने ख्यालाचा विस्तार आणि जाहिरातीची धून सारख्याच मोलाच्या. गाण्याचा आरंभ लगेच पकड घेणारा असावा, ते आटोपशीर असावे आणि पुनःपुन्हा वाजावे, हा या मापाचा आपसूक आदेश आहे. आलापाचे पहिले अर्धे मिनिट हे ज्या कलेत केवळ षड्ज स्थिरावण्याचे असते, तिच्यासाठी हा आदेश काय आहे हे निराळे सांगावयास नको. २०२४ पासून त्याच सेवेने आणखी एक नियम केला : मागील बारा महिन्यांत किमान १००० वेळा न वाजलेल्या ध्वनिमुद्रणाला मानधनात वाटा नाही. थोड्या रसिकांची मोठी कला या नियमाने हिशेबाबाहेर जाते.

मौज अशी की याच उद्योगाने 'अल्बम' हा शब्द सोडलेला नाही. अमेरिकेतील 'बिलबोर्ड'च्या अल्बम-सूचीत डिसेंबर २०१४ पासून १५०० वेळा वाजणे म्हणजे एक अल्बम असे समीकरण आले. पुढे आकडे बदलले, रीत राहिली. एकच गाणे ठरलेल्या आकड्याइतक्या वेळा वाजले तरी एक अल्बम भरतो. बाकीची गाणी कोणी ऐकलीच नाहीत तरी चालते. जितकी गाणी अधिक तितकी वाजण्याची शक्यता अधिक, म्हणून मोजणीला लांबलचक याद्या सोयीच्या पडतात. मॉर्गन वॉलन या गायकाचा २०२३ मधील अल्बम ३६ गाण्यांचा आहे. एवंच अल्बम मेला नाही. त्याचा क्रम काढून घेऊन त्याला मोजमापाचे एकक बनवण्यात आले आहे. शोकवादी ज्याची तिरडी बांधत आहेत तो हिशेबाच्या वहीत धडधाकट आहे, आणि मुक्तिवादी ज्याच्यापासून सुटका झाली म्हणतात त्याच्याच नावाने सूची प्रसिद्ध होत आहे.

नोव्हेंबर २०२१ मधील एक घटना या संदर्भात बोलकी आहे. तोवर स्पॉटिफायवर अल्बमच्या पानावरील मुख्य कळ दाबली की गाणी पिसलेल्या पत्त्यांप्रमाणे क्रम सोडून वाजत. अडेल या गायिकेच्या विनंतीवरून सशुल्क श्रोत्यांसाठी ही कळ बदलण्यात आली आणि अल्बम मूळ क्रमाने वाजू लागला. याचा आनंद मानावा तितका थोडा. परंतु त्यातून निघणारा अर्थ आनंदाचा नाही. क्रम हा कर्त्याचा सहज हक्क उरला नसून बलाढ्य कलावंताने विनंती केल्यावर मिळणारी सवलत झाला आहे, असा तो अर्थ आहे. आणि जो क्रम एका कळीने मोडता येतो व एका कळीने पूर्ववत करता येतो, तो मोडणे ही तंत्रज्ञानाची अपरिहार्यता नव्हती, हेही त्यातून सिद्ध होते.

५

क्रमाबरोबर आणखी एक गोष्ट पणाला लागली आहे, आणि साहित्यसमीक्षेला तिची अधिक चाड असावयास हवी. ती म्हणजे कवीचे नाव. जेरार जेनेट याने १९८७ मध्ये शीर्षक, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, मलपृष्ठ अशा मजकुराचा विचार संहितेचा उंबरठा म्हणून केला. ध्वनिमुद्रिकेचे पाकीट हा असाच उंबरठा होता. कवी, संगीतकार, गायक, वादक यांची नावे तेथे असत.

भारतातील ध्वनिमुद्रणाच्या आरंभी हे नाव आवाजातच कोरलेले असे. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजानचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हापासून तिच्या अनेक तबकड्यांच्या शेवटी ती स्वतःचे नाव उच्चारते. कारण तांत्रिक होते, तबकडीची ओळख पटावी एवढेच. परंतु परिणाम असा झाला की कोणतेही यंत्र, कोणताही विक्रेता ते नाव गाण्यापासून वेगळे करू शकला नाही.

त्याच्या उलट टोकाला 'शिवकल्याण राजा' ठेवावे. शिवराज्याभिषेकाला ३०० वर्षे झाली त्या निमित्ताने १९७४ मध्ये निघालेल्या या ध्वनिमुद्रिकेत हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत आणि लता मंगेशकरांचा स्वर यांनी रामदास, भूषण, गोविंदाग्रज, सावरकर, कुसुमाग्रज अशा वेगवेगळ्या शतकांतील कवींना एका सूत्रात आणले. मध्ये बाबासाहेब पुरंदरे यांचे निवेदन आहे. हे खरे तर एक वाङ्मयीन संपादन आहे. सतराव्या शतकातील समकालीन कवीची स्तुती आणि विसाव्या शतकातील कवीची स्मृती यांना शेजारी बसवून ते इतिहासाविषयी एक विधान करते. ते विधान मान्य करावे की त्याचा प्रतिवाद करावा, हा समीक्षेचा विषय आहे. परंतु त्यासाठी ते विधान प्रथम संहिता म्हणून हाती यावे लागते. यातील एकच गीत कोठल्याशा 'स्फूर्तिगीते' नावाच्या यादीत वाजू लागले की गायिकेचे नाव पडद्यावर दिसते. कवीचे नाव मात्र दुय्यम पानात शोधावे लागते आणि तेही ज्या कोणी माहिती भरली त्याच्या काळजीवर अवलंबून राहते. रामदास आणि कुसुमाग्रज यांच्यातील तीनशे वर्षे पुसली जातात आणि दोघेही एकाच निनावी 'मूड'चे पुरवठादार ठरतात. ज्याचा प्रतिवाद करावयाचा ते विधानच उरत नाही. येथे बार्थचा मृत लेखक नाही. येथे नुसता विसरलेला कवी आहे. या दोहोंत गल्लत करणारा सिद्धान्त हा सिद्धान्ताचा उपयोग नसून त्याची सोय आहे.

६

यावर असे म्हटले जाईल की सामान्य श्रोत्याला हे सारे नको आहे. त्याला काम करताना, प्रवासात, झोपताना काहीतरी वाजत हवे आहे. तसे असेल तर त्यात वावगे काही नाही. जात्यावरच्या ओवीलाही काम करतानाच गायले गेले. परंतु ओवी ऐकणारी बाई ती गातही होती. पुढची ओवी कोणती हे तिच्या सुखदुःखाने ठरत होते, आणि अनेकदा ओवीतच ती आपल्या माहेरच्या माणसांची नावे गुंफीत होती. तिचा क्रम तिचा होता. पार्श्वसंगीत म्हणून ऐकणे हा दोष नव्हे. आपण निवडतो आहोत या समजुतीत राहून दुसऱ्याने निवडलेले ऐकत राहणे, हा दोष आहे. समीक्षेने निदान या समजुतीला तात्त्विक अधिष्ठान पुरवू नये.

समीक्षेची कामे यातून स्पष्ट होतात. गीताचा अभ्यास करताना ते कोणत्या मालिकेत, कितव्या स्थानी, कोणत्या आवृत्तीत आले याची नोंद कवितासंग्रहातील कवितेइतक्याच काटेकोरपणे झाली पाहिजे. ज्या पाकिटांवर कवींची नावे आहेत ती पाकिटे ग्रंथालयांनी ग्रंथांप्रमाणे जतन केली पाहिजेत, कारण पुष्कळ गीतांच्या बाबतीत कर्तृत्वाचा सहज हाती येणारा छापील पुरावा तोच आहे. संकलनाचे, मग ते अल्बमचे असो वा प्लेलिस्टचे, मूल्यमापन संकलन म्हणून झाले पाहिजे : निवड कोणाची, सूत्र कोणते, शेवट कोठे. आणि ज्या संकलनावर कोणाचेच नाव नाही त्याच्यापुढे हा प्रश्न पुनःपुन्हा ठेवला पाहिजे.

अल्बमला अजून महत्त्व आहे काय, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे तबकड्यांच्या विक्रीत शोधण्यात अर्थ नाही. 'गीतरामायणा'च्या पहिल्या श्रोत्यांकडे तबकडी नव्हती. पुढच्या आठवड्यात येणारे गीत कोणी रचले, कोणी बांधले आणि ते याच ठिकाणी का येत आहे, हे मात्र त्यांना विचारता येत होते. आजच्या श्रोत्याच्या हाती लक्षावधी गीते आहेत, आणि पुढचे गीत हेच का, असे विचारावयास त्याच्यासमोर कोणी नाही.